असा नियम नव्हताच

६ फेब्रुवारी

प्रिय चिमणे,

जिंकलो गं बाई! आधी हे एवढं वाच, मग चहा ठेव, मग बाकीचं पत्र. फोन करणार होते, पण फोनवर मी रडले असते आणि तू तिकडे ऑफिसात कावरीबावरी झाली असतीस. शिवाय ह्यांना फोनवरचं बोलणं कधी खरं वाटलं नाही. "लिहून पाठव, म्हणजे राहतं," हे तुझ्या दादाचं पालुपद. म्हणून लिहितेय.

निकाल काल लागला. शेजारच्या इमारतीचे वरचे तीन मजले बेकायदा ठरले. सहा महिन्यांत पाडायचे, तेही बिल्डरच्या खर्चाने. न्यायाधीशबाई वाचत होत्या तेव्हा मला ओ की ठो कळलं नाही. वकीलकाका माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, तुमचं ऊन परत मिळालं." तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

ते मजले चढले तेव्हा तू शिकायला बाहेर होतीस. त्यामुळे आपल्या लाँड्रीचं मागचं अंगण अंधारात कसं दिसतं हे तू धड बघितलंच नाहीस. पूर्वी सकाळी इस्पितळाच्या चादरी दोऱ्यांवर टाकल्या की दुपारपर्यंत कडक व्हायच्या. घडी घालताना हाताला उबदार लागायच्या. आता दोन-दोन दिवस लोंबतात तरी गारच. वर तो कुबट वास, कितीही पावडर ओता, जात नाही. मेट्रनबाईंनी अख्खा गठ्ठा परत पाठवला होता, रुग्णांना वास येतो म्हणून. त्या दिवशी हे जेवले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी उठून वकिलाकडे गेले. लोक हसले. एका माणसाने उन्हासाठी कोर्टात जायचं! तू सोडून सगळे हसले. मीही थोडी हसले होते, खोटं कशाला बोलू.

चिमणे, मला आनंद झालाय आणि मला ह्यांचा भयंकर राग येतोय. गेल्या वर्षी जायची काय एवढी घाई होती? निकाल ऐकून गेले असते तर काय बिघडलं असतं?

तुझी
वहिनी

*

१५ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

पत्र ऑफिसात उघडलं आणि तू म्हणतेस तशीच कावरीबावरी झाले. समोरचा शिपाई विचारायला लागला, कुणी गेलं का? म्हटलं, नाही रे बाबा, माझा दादा जिंकला.

तू फोटोसमोर उभी राहून त्याला निकाल वाचून दाखवला असणार. नाही म्हणू नकोस, मी तुला ओळखते.

आमच्या खात्यातही त्या निकालाची कुजबुज आहे. एका इमारतीचा निकाल म्हणजे तशा शेकडो इमारतींचा निकाल, असं सगळे म्हणतात. मला मात्र त्यात फक्त आपलं अंगण दिसतं. कायद्यांचे मसुदे लिहून लिहून एक खोड लागलीय, म्हणून विचारते. कोर्टाने नेमकं कशावर बोट ठेवलंय? कुठल्या मुद्द्यावर दादा जिंकला? प्रत आली की वाचीनच, पण मला ते तुझ्या शब्दांत हवंय.

कपडे उचलताना कंबर सांभाळ. जड गठ्ठे कामाला ठेवलेल्या त्या नव्या बाईला उचलायला सांग.

तुझी
चिमणी

*

२ मार्च

प्रिय चिमणे,

फोटोसमोर नाही, इस्त्रीच्या टेबलापाशी वाचून दाखवला. ते तिथेच उभे असायचे ना. तुझं म्हणजे अर्धवटच बरोबर.

आता मुद्दा. कान देऊन ऐक, कारण एवढ्या वर्षांत मी अर्धी वकील झालेय. मुद्दा एकच. रस्ता जेवढा रुंद, त्याच्या दुपटीपेक्षा उंच बांधायचं नाही, असा नियम. आपला रस्ता केवढासा, आणि इमारत बघ कुठे गेलीय. बिल्डर म्हणतो, नगरपालिकेने परवानगी दिली. कोर्ट म्हणतं, नियम मोडायची परवानगी द्यायचा अधिकार नगरपालिकेला कुणी दिला? खेळ खल्लास. हाच मुद्दा ह्यांनी पहिल्या दिवसापासून धरून ठेवला होता. पुढची पानंच्या पानं नुसती भरताड आहेत, ती वाचायचे कष्ट घेऊ नकोस.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर एक शाळेतल्या बाई राहतात. आई अंथरुणाला खिळलेली, घरात दोघीच. परवा दुकानात आल्या. मला वाटलं भांडायला आल्या, म्हणून मी पदर खोचायच्या तयारीत. तर म्हणाल्या, "तुम्ही जिंकलात. चांगलं झालं. तुमचं बरोबरच होतं." आणि मग उभ्याच राहिल्या. मी खुर्ची दिली. म्हणाल्या, "घर घेताना आम्हाला सगळे शिक्के दाखवले होते हो. आईला घेऊन मी कुठे जाऊ?"

माणसांना घराबाहेर काढायला माझा जीव होत नाही, चिमणे. आणि पाडू नका म्हणायलाही तोंड उघडत नाही. हे असते तर त्यांनी काहीतरी वाट काढली असती. मी नुसता चहा पाजला.

तुझी
वहिनी

*

२० एप्रिल

प्रिय वहिनी,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. अधिवेशन जवळ आलंय, श्वास घ्यायला फुरसत नाही.

तुझं पत्र मी बऱ्याचदा वाचलं. त्या शाळेच्या बाईंचं काय ठरलं? त्यांच्यासारखी किती माणसं असतील, हा विचार पाठ सोडत नाही. समजा, कुणालाच घर सोडावं लागणार नाही असा काही मार्ग निघाला, तर तुझ्या मनावरचं ओझं उतरेल ना? माणसांना बाहेर काढायला तुझा जीव होत नाही, हे तू लिहिलंस ते मला फार पटलं.

बाकी ठीक. जास्त लिहीत नाही.

तुझी
चिमणी

*

४ मे

प्रिय चिमणे,

तू अलीकडे पुढाऱ्यासारखं बोलायला लागलीस. "असा काही मार्ग निघाला तर." मार्ग एकच आहे, बिल्डरने त्या लोकांना दुसरी घरं द्यावीत. पैसे त्यानेच खाल्लेत ना? वकीलकाका त्यासाठी अर्ज लिहितायत. बाईंनाही मी तसं सांगून आले.

इकडे मेट्रनबाईंना भेटले. चादरी पूर्वीसारख्या वाळल्या तर काम परत देईन म्हणाल्या. मी नव्या दोऱ्या आणून ठेवल्या, जाड, पांढऱ्या. अंगणातल्या खांबांना रंग दिला. शेजारची फिदीफिदी हसते, म्हणते, ऊन यायच्या आधीच स्वागत? हसू दे मेलीला.

तुझं काहीतरी बिनसलंय का? पत्र तुझं वाटलं नाही. जेवतेस ना वेळेवर?

तुझी
वहिनी

*

१९ जुलै

चिमणे,

मेच्या पत्राला उत्तर नाही. फोन केला तर मीटिंग. परत केला तर परत मीटिंग. आता कळलं, कसली मीटिंग होती ती.

आज वकीलकाका पेपर घेऊन दुकानात आले. काल सभागृहाने कायदा केला. त्यांनी तो मला मोठ्याने वाचून दाखवला. मी थांबवलं, म्हटलं परत वाचा. असं लिहिलंय की कोणत्याही न्यायालयाचा काहीही निकाल असला तरी, उंचीचा तो नियम अशा इमारतींपुरता कधी अस्तित्वात नव्हताच असे समजण्यात येईल. आणि हे सगळं मागच्या तारखेपासून. ती इमारत उभी राहायच्याही आधीच्या तारखेपासून.

मी विचारलं, मग निकालाचं काय? काका म्हणाले, निकाल आहे, पण ज्यावर तो उभा होता तेच काढून घेतलं. आता मजले कायदेशीर. नुसते आजपासून नाही, पहिल्यापासून.

आणखी एक म्हणाले. म्हणाले, वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण हे तुमच्या नणंदेच्या खात्यात लिहिलं जातं, आणि ज्याने लिहिलंय त्याला नेमकं ठाऊक होतं, सुरी कुठे घालायची.

हे तू लिहिलंस का? हो किंवा नाही, एवढंच कळव.

वहिनी

*

२५ जुलै

प्रिय वहिनी,

हो.

आता पुढचंही वाच, फाडून टाकायच्या आधी.

काम माझ्याकडे मार्चमध्ये आलं. नाही म्हणता आलं असतं की नाही, मला अजून माहीत नाही. मी विचारलंच नाही. मला वाटलं, दुसऱ्या कुणी लिहिण्यापेक्षा मी लिहिलेलं बरं, मला निदान दोन्ही बाजू माहीत आहेत. तुझं ते पत्र टेबलाच्या खणात होतं. शाळेच्या बाई, त्यांची आई. तूच लिहिलं होतंस की माणसांना बाहेर काढायला जीव होत नाही. मला वाटलं, हे तुझ्यासाठीही सुटकेचं आहे. दादाचं म्हणणं खरं ठरलं, निकाल लागला, आणि कुणाचं घरही गेलं नाही.

सभागृहाला हे करता येतं का, असं तू विचारशील. निकाल चुकीचा आहे असं सभागृहाला म्हणता येत नाही, ते न्यायाधीशांचं काम. पण कायदा बदलणं हे सभागृहाचंच काम आहे, आणि तो मागच्या तारखेपासून बदलायलाही सहसा हरकत नसते. कोर्टाने ज्या नियमावर बोट ठेवलं तो नियमच राहिला नाही, तर निकाल आपोआप पोकळ होतो. याच वाटेने करांचे कायदे दुरुस्त झालेत, नेमणुका वाचल्यात, हजारो लोकांच्या पेन्शनी वाचल्यात. ही वाट वाईट माणसांनी काढलेली नाही, वहिनी. शेकडो इमारती आहेत. त्या सगळ्या पाडायच्या? त्यांतली सगळी माणसं रस्त्यावर आणायची?

मी तुझ्यापासून लपवलं, हे मात्र चूक.

तुझी
चिमणी

*

१२ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र पोचलं. फाडलं नाही.

या घरात आले तेव्हा तुम्ही दोन वेण्या घालून शाळेत जात होता. मी तुम्हाला वन्सं म्हटलं तर तुम्ही लोळून रडला होता, म्हणून चिमणी म्हणायला लागले. आता मोठ्या झालात. कायदे करता. वन्सं म्हटलेलंच बरं.

माझं वाक्य तुम्ही उचललंत. त्याच्या मागोमाग दुसरं होतं, पाडू नका म्हणायला तोंड उघडत नाही, असं. ते कुठे टाकलंत? मेमध्ये मी स्वच्छ लिहिलं होतं की बिल्डरने त्या लोकांना घरं द्यावीत. तुमच्या कायद्यात बिल्डरने काही द्यावं असं आहे का? काकांनी दोनदा शोधलं. काही नाही. त्याला दंडसुद्धा नाही. त्या बाईंना घर मिळालं म्हणता, ते त्यांचं होतंच. मिळालं ते बिल्डरला.

तुमची ती नेमणुकांची आणि पेन्शनींची गोष्ट मला पटली, बरं का. मी आडमुठी नाही. कायदा बदला, आजपासून बदला, मी मान खाली घालून ऐकेन. पण नव्हताच? नियम नव्हताच, असं कसं समजायचं? मग तुमचे दादा पावसापाण्यात कोर्टाच्या व्हरांड्यात कशासाठी उभे राहिले? वेड लागलं होतं त्यांना? नसलेल्या नियमासाठी माणूस झिजून मेला असं मी लोकांना सांगू? मेलेल्या माणसाला हरवलंत तुम्ही वन्सं. तो उलटून बोलणारही नाही.

परवा शाळेच्या बाई आल्या होत्या. त्यांना बिचाऱ्यांना माझ्याकडे बघायची लाज वाटत होती. म्हणाल्या, तुमच्या चादरी आमच्या गच्चीत वाळत घाला, मी किल्ली देते. मी पहिल्यांदा त्या इमारतीत गेले. जिने चढून वर पोचले तर काय ऊन होतं! डोळे मिटले गेले. सगळं तिथेच होतं. कठड्यावरून खाली बघितलं तर आपलं अंगण एखाद्या हौदाच्या तळासारखं, आणि त्यात माझ्या पांढऱ्या दोऱ्या.

मी किल्ली परत केली. बाईंचं मन मोडलं, पण माझा इलाज नव्हता. आपल्याच उन्हासाठी कुणाचे आभार मानायचे, हे मला जमणार नाही.

इस्पितळाचं काम दुसरीकडे गेलं. मी कायद्याविरुद्ध कोर्टात जातेय. काका म्हणतात, कठीण आहे, ज्याने लिहिलंय त्याने चोख लिहिलंय. तुमचं कौतुकच करत होते.

एकाच गोष्टीचं उत्तर द्या, ऑफिसच्या भाषेत नको. तो नियम होता की नव्हता?

वहिनी

*

३ नोव्हेंबर

चिमणे,

ऑगस्टच्या पत्राला तू उत्तर दिलं नाहीस. मीही वाट बघायची नाही असं ठरवलं होतं. आणि बघ, मीच लिहायला बसलेय, आणि काय म्हणून हाक मारली तेही तुझ्या लक्षात आलं असेल.

कोर्टाने आपली याचिका दाखल करून घेतली. गंमत ऐक. काकांनी निकाल पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला, मी भरताड म्हटलेली पानंसुद्धा. तर शेवटाकडे दुसरा मुद्दा! इंजिनियरांचा अहवाल होता, की खालचे खांब मूळच्या मजल्यांपुरतेच घातलेत, वरच्या तिन्हींचं वजन ते फार काळ पेलणार नाहीत. कोर्टाने स्पष्ट लिहिलं होतं, उंचीचा नियम नसता तरीसुद्धा या कारणासाठी मजले उतरवावेच लागतील. मी ते ऐकलं असणार, पण उन्हाच्या आनंदात कानावरून गेलं. काका म्हणाले, तो अहवाल कोर्टाने स्वतःहून मागवला होता, आपल्या युक्तिवादात तो मुद्दा नव्हताच, म्हणून माझ्याही ध्यानात राहिला नाही.

आणि कायद्यात खांबांबद्दल अवाक्षर नाही! काका टेबलावर हात मारून म्हणाले, "नियम पुसला, पण खांब कसे पुसणार?" न्यायाधीशांनीही तेच विचारलं. खांबांची पुन्हा तपासणी करायचा हुकूम झालाय, आणि रहिवाशांची सोय बिल्डरने काय करायची तेही त्याने लिहून द्यायचंय.

मी तशीच बाईंकडे गेले. म्हटलं, बाई, हे ऐकून घ्या, हे उन्हाचं नाही, तुमच्या जिवाचं आहे. त्या मला आत घेऊन गेल्या. आईच्या खोलीतलं कपाट दोघींनी मिळून सरकवलं. मागे भिंतीत भेग, माझी बोटं आत जातील एवढी. कायदा झाला त्या दिवशी बिल्डरने पेढे वाटावेत तसे इमारत भक्कम असल्याच्या आश्वासनांचे कागद वाटले होते, म्हणून त्या गप्प बसल्या होत्या. त्यांची आई त्या भिंतीला पाय लावून झोपते गं.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहितेय. काका म्हणाले, "एवढा चोख मसुदा लिहिणारा माणूस हे विसरेल? शक्य नाही. ज्याने लिहिलं त्याने जाणूनबुजून दार उघडं ठेवलंय. वरचे सांगतात म्हणून लिहिलं, आणि तुमच्यासाठी फट ठेवली." मी त्यांच्यासमोर पोर रडावं तशी रडले. तीन महिने मी तुझ्याबद्दल काय काय मनात आणलं, ते मला आठवून लाज वाटली. तू ऑगस्टमध्ये उत्तर का दिलं नाहीस तेही मग उमगलं. सांगता येत नसेल तुला. नोकरीचा प्रश्न.

खरं ना? फट तू ठेवलीस ना? नुसतं हो लिही, बाकी काही नको. मी पत्र जाळून टाकीन. आणि सुट्टी काढून घरी ये.

तुझी
वहिनी

*

१० नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

नाही. मी ठेवली नाही. ती राहिली.

तुझं पत्र आल्यावर मी हो लिहून बघितलं. खोटं कशाला बोलू, तो कागद अजून इथेच आहे. हो लिहिलं की सगळं सुरळीत होत होतं. तू मला घरी बोलावतेस, वकीलकाका माझं कौतुक करतात, आणि दादाच्या फोटोसमोर मला उभं राहता येतं. खोडून काढायलाही कुणी येणार नव्हतं.

पण झालं ते असं. अशा इमारतींचे आणखीही निकाल होते, खात्यात प्रत्येकाची टिपणं काढायचं काम चाललं होतं. आपल्या इमारतीचा गठ्ठा मी दुसऱ्या कुणाला दिला नाही. म्हटलं, हे घरचंच आहे, मला तोंडपाठ आहे. आणि प्रत उघडण्याऐवजी तुझं पत्र उघडलं. मुद्दा एकच, असं तू लिहिलं होतंस. मी त्यावर विसंबले आणि शेवटची पानं वाचलीच नाहीत. परक्याचा निकाल असता तर अक्षरन् अक्षर वाचला असता. आणि खांबांचा मुद्दा मला दिसला असता ना वहिनी, तर मी तोही बंद केला असता. नीट बंद केला असता. मला माझं काम येतं. त्या भिंतीला पाय लावून कुणी झोपतंय हे मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घ्यायचं कामही माझंच होतं.

घडून गेलेल्या गोष्टीला मागाहून चांगलं ठरवायचं, हे मी एकदा शेकडो इमारतींसाठी केलं. स्वतःसाठी ते करायला हात धजत नाही. म्हणून नाही.

ऑगस्टमध्ये उत्तर दिलं नाही, कारण उत्तर माहीत होतं आणि ते लिहायची हिंमत नव्हती. नियम होता. दादा पहिल्यांदा वकिलाकडे गेला त्या दिवशी होता, तो गेला त्या दिवशीही होता. कायद्यात मी काहीही लिहिलेलं असो. तो वेडा नव्हता. तो बरोबर होता आणि तो जिंकला होता, आणि मी त्याची बहीण असून ते त्याच्याकडून काढून घेतलं.

तुमच्या याचिकेला सरकारचं उत्तर लिहायचं काम काल माझ्याकडे आलं. मी साहेबांना लिहून दिलं की अर्जदार माझी वहिनी आहे, मूळ दावा माझ्या भावाचा होता, हे काम मला देऊ नये, आणि मार्चमध्येही मला द्यायला नको होतं. साहेबांनी विचारलं, मार्चमध्ये का नाही बोललात? मी म्हटलं, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. मग माझी मलाच शरम वाटली आणि म्हटलं, नाही, मीच सांगितलं नाही. आता चौकशी लागेल. लागू दे.

शाळेच्या बाईंना त्या खोलीतून आजच्या आज आईला हलवायला सांग. तपासणीची वाट बघू नका. तेवढं सांगून मग हे पत्र बाजूला ठेव.

सुट्टी मी काढलेली नाही. हे वाचूनही तू ये म्हणालीस तरच काढीन.

चिमणी